डीपीच्या पोटातलं लोखंड

हा घूंऽऽ आवाज तुमच्या ओळखीचा असणार. रात्रीचे अडीच वाजलेत, गाव झोपलंय, विहिरीवरच्या मोटारी बंद, कुठंतरी दोन-चार बल्ब चालू, तरी डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, गुणगुणतीये आणि आतून गरमपण होतीये. लोड जवळपास नाही, मग वीज खातंय कोण? तर आतलं लोखंड.

ट्रान्सफॉर्मर म्हटलं की सगळे तांब्याचं बोलतात, चोरसुद्धा तांब्यासाठीच येतात. पण तांब्यातला लॉस लोड असेल तेव्हाच, लोखंडातला मात्र सप्लाय आहे तोवर २४ तास. समजा कोरचा, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याचा, लॉस २०० वॅट आहे, तर वर्षाला साधारण १७५० युनिट नुसते गरम होण्यात गेले, तेही एका डीपीत!

होतं काय, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे कोरमधलं चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा एका दिशेला चढतं आणि ५० वेळा उलट दिशेला, आणि दर चढाला कोरच्या पत्र्याची लांबी अगदी किंचित, मायक्रॉनच्या हिशोबात बदलते. सेकंदाला १०० वेळा. तीच ही गुणगुण.

आता अजून आत जाऊ. लोखंडात बारीक बारीक भाग असतात, डोमेन म्हणतात त्यांना, प्रत्येकाची चुंबकी दिशा वेगळी. दिशा उलटवायची तर डोमेनच्या भिंती सरकाव्या लागतात आणि त्या सरळ सरकत नाहीत, कुठं अशुद्धी असते कुठं ताण असतो तिथं अडकतात आणि मग झटक्यात सुटतात. १९१९ मध्ये जर्मनीत हाइनरिश बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती कॉइल गुंडाळून, अॅम्प्लिफायर लावून हे झटके चक्क ऐकले, खरखर खरखर! मला हा प्रयोग फार म्हणजे फार आवडतो, कारण धातूच्या आत चाललेली धडपड थेट कानावर येते. त्या धडपडीत जी ऊर्जा उष्णता होऊन जाते तो हिस्टेरिसिस लॉस.

दुसरा लॉस एडी करंटचा. लोखंडातून वीजही वाहते ना, त्यामुळे बदलत्या फ्लक्सनं, म्हणजे चुंबकी प्रवाहानं, कोरमध्येच करंट गरगर फिरायला लागतो. म्हणून कोर अखंड ठोकळा नसतो, ०.२३ किंवा ०.२७ मिलिमीटरचे पत्रे एकावर एक रचलेले असतात, प्रत्येकावर इन्सुलेशनचा पातळ थर. जाडी निम्मी केली की हा लॉस चौथाईवर येतो. शिवाय पत्र्यात ३ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, त्यानं लोखंडाचा रेझिस्टन्स चौपटीच्या वर जातो. ही वाट १९०० च्या सुमारास शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांच्या कामातून सापडली. सिलिकॉन अजून वाढवलं तर पत्रा ठिसूळ होतो, रोलिंगमध्येच, म्हणजे लाटतानाच, तडकतो.

खरी कमाल अमेरिकेतल्या नॉर्मन गॉस यांची, पेटंट १९३४ चं. थंड रोलिंग आणि भट्टीतलं तापवणं असं काही जुळवलं की पत्र्यातल्या स्फटिकांची सहज चुंबकत्व घेणारी बाजू रोलिंगच्याच दिशेला आली. हेच आपलं सीआरजीओ, म्हणजे कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड पत्रा. ट्रान्सफॉर्मरमध्ये फ्लक्सचा रस्ता ठरलेला असतो म्हणून पत्रा त्या दिशेनं कापतात आणि कोपऱ्यात ४५ अंशात जोडतात. मोटरमध्ये फ्लक्स फिरता, तिथं सीआरजीओ चालत नाही, सगळ्या दिशांना सारखा वागणारा पत्रा लागतो.

सीआरजीओ बनवणं अवघड, म्हणून जगात कारखाने मोजकेच. त्यातला एक आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे, पूर्वी थिसेनक्रुपचा, आता जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईचा. तरी देशाला लागणारा बराच माल अजून बाहेरूनच येतो, आणि टंचाई असली की मोडीत काढलेल्या ट्रान्सफॉर्मरचे पत्रे कापून नव्यात घालायचे प्रकार होतात. हे मला अजिबात पटत नाही. कापताना, वाकवताना पत्र्यात ताण बसतो, डोमेनच्या भिंती जास्त अडकतात, लॉस वाढतो, आणि बाहेरून टाकी तर नवी कोरी दिसते.

पकडायचं कसं? नो-लोड टेस्टनं. एलव्हीला, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूला, रेटेड व्होल्टेज द्यायचं, एचव्ही, म्हणजे जास्त व्होल्टेजची बाजू, उघडी ठेवायची, वॅटमीटर दाखवेल ते जवळपास सगळं कोरचं. डीपी ताब्यात घेताना हा आकडा मागून घ्या, आणि ऑर्डरमधल्या आकड्याशी तिथंच ताडून बघा.