दगडावर पाते

पडद्यावर दिसणारा हा धार लावण्याचा दगड गेली पंधरा मिनिटे पाण्यात भिजत आहे. बुडबुडे येणे थांबले की तो तयार झाला, असे समजावे. शेजारच्या चाकूचे पोलाद अगदी साधे आहे; त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन आणि थोडे मँगनीज आहे, यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही.

चाकू घेताना अनेकजण आधी पोलादाचे नाव विचारतात, आणि तो प्रश्न निरर्थक नाही. पोलाद कडक असेल तर पातळ कड दुमडत नाही, आणि त्यात कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, कठीण कण विखुरलेले असतील तर ती सावकाश झिजते. 'एस ९० व्ही' या पावडर पोलादात, म्हणजे धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या पोलादात, असे कण बनवणारा व्हॅनेडियम हा धातू सुमारे ९ टक्के असतो. आयएसओ ८४४२-५ या मानकानुसार सिलिकाचे कण मिसळलेली कागदी पट्टी यंत्रावर पुन्हापुन्हा कापून धार किती टिकते हे मोजतात, आणि तेथे असे पोलाद साध्या पोलादाला सहज मागे टाकते. यंत्रावर मात्र पाते हाडावर आपटत नाही की काचेच्या ताटलीवर घासले जात नाही. शिवाय व्हॅनेडियम कार्बाइड हे नेहमीच्या दगडातील ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असते, त्यामुळे अशा पात्याला शेवटी हिऱ्याचे कण बसवलेली पट्टीच घ्यावी लागते. धार मात्र त्याचीही जातेच.

आता हात पाहावा. धारेच्या उतारावर मार्करची काळी शाई लावली आहे. ४० मिलिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून साधारण १० मिलिमीटर वर धरली की कोन १५ अंशांच्या आसपास येतो. पाते दोनदा फिरवून शाई कोठून पुसली गेली हे पाहायचे: फक्त उताराच्या वरच्या, पाठीकडच्या भागावरून गेली असेल तर पाठ थोडी उचलायची, फक्त कडेवरून गेली असेल तर थोडी खाली आणायची. दगडावर साचणारा करडा चिखल धुऊन टाकण्याची घाई नको, कारण घासण्याच्या कामात त्याचाही वाटा असतो. एका बाजूने पुरेसे घासले गेले की दुसऱ्या बाजूला धातूची अतिशय बारीक झालर उलटते. कारागीर तिला 'बर' म्हणतात. ती डोळ्यांना क्वचितच दिसते, पण अंगठा कडेपासून बाहेरच्या दिशेने हलकेच ओढला की जाणवते. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. शिकणारे सर्वांत जास्त चुकतात ते येथेच. मग दुसरी बाजू, मग दाब कमी करत आलटून पालटून दोन्ही बाजू, आणि अखेरीस चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट दिशेने ओढून उरलेली बर काढायची.

कोन २० अंशांवरून १५ वर आणला, तर कड तुटत नाही तोवर तेच साधे पोलाद कागदी पट्टीच्या त्याच चाचणीत जास्त काळ कापते. हा बदल दुकानात मिळत नाही, तो या दगडावर होतो.

बोथट पात्याला जोर लागतो, ते घसरते आणि बोट कापते.

आता कागद. पाते मुठीकडून आवाज न करता आत शिरते आणि टोकापाशी अडकते, कारण तेथील वळणावर मूठ पुरेशी उचलली गेली नव्हती. चाकू पुन्हा दगडावर येतो.