जन्मतारीख, अंकी आणि अक्षरी

(तालुक्याच्या वाचनालयातल्या व्याख्यानमालेत एका निवृत्त मुख्य लिपिक बाईंनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार.

शाळेविषयी बोलायचं म्हटलं की शिक्षकांना बोलावतात, मुख्याध्यापकांना बोलावतात. ऑफिसातल्या माणसाला व्याख्यानाला बोलावल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहते आहे. त्याबद्दल वाचनालयाची मनापासून आभारी आहे. मी 1993 साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि 2024 साली मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. 31 वर्षं एकच माध्यमिक शाळा आणि एकच खोली. त्या खोलीतला एक दिवस आज सांगणार आहे.

दिवस 2023च्या जूनमधला, सोमवार. दहावीच्या गुणपत्रिका वाटून झालेल्या, शाळा नुकती उघडलेली. शाळा अकराची, पण अशा दिवसांत मी साडेनऊलाच येत असे. खिडकीबाहेर गर्दी व्हायच्या आत मला लोखंडी कपाट उघडून जनरल रजिस्टरं टेबलावर काढून ठेवायची असत. ती एकेक करून, दोन्ही हातांनी उचलावी लागतात. जुन्यांचा कागद पिवळा पडून कडेला इतका ठिसूळ झालाय की घाईत पान उलटलं तर कोपरा हातात येतो.

जनरल रजिस्टर म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक पुन्हा कुणालाही दिला जात नाही. त्यापुढे मुलाचं पूर्ण नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आधी अंकी आणि मग अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. मूल शाळा सोडून जातं तेव्हा त्याच ओळीत सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. मूल गेलं तरी ओळ राहते. चुकलं तर व्हाइटनर चालत नाही. लाल शाईने एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी मुख्याध्यापकांची सही. आमचं पहिलं रजिस्टर 1950च्या दशकातलं आहे. टाकाने, निळ्या-काळ्या शाईने लिहिलेलं. आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांची शाळकरी नावं त्यात आहेत.

आता एक विचारते. या सभागृहात ज्यांची जन्मतारीख 1 जून आहे त्यांनी हात वर करा. पाहिलंत? पुढच्या चार रांगांतच इतके हात. तुम्ही सगळे काही एका दिवशी जन्मला नाहीत. घरी तारीख कुणी लिहून ठेवलेली नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आणि गुरुजींनी वय अदमासाने धरून 1 जून लावली. ती तारीख पुढे नोकरीला लागली, सेवापुस्तकात चढली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर वर्षी 31 मे रोजी महाराष्ट्रभर निरोपसमारंभांची रांग लागते. गुरुजींनी शाळेच्या पडवीत बसून लिहिलेल्या एका ओळीवर माणसाचं पेन्शन सुरू झालं. मला या गोष्टीचं कधी हसू आलं नाही. उलट लिहिताना हात सावकाश चालायला लागला.

तर सोमवार. दहा वाजता खिडकीवर पहिला मुलगा. अकरावीच्या प्रवेशासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा. त्या दिवशी साठच्या वर अर्ज होते. अर्ज घ्यायचा, ग्रंथालयाची आणि प्रयोगशाळेची बाकी नाही याची सही पाहायची, रजिस्टरातली ओळ काढायची, दाखला उतरवायचा, छापायचा, मुख्याध्यापकांच्या सहीला ठेवायचा, स्थळप्रतीवर, म्हणजे शाळेत राहणाऱ्या प्रतीवर, मुलाची सही घ्यायची, रजिस्टरात दाखला क्रमांक टाकायचा. आणि एक गोष्ट मी जास्तीची करायचे. दाखला हातात देण्याआधी मुलाला सगळा मोठ्याने वाचायला लावायचे. नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, तारीख अंकी, तारीख अक्षरी. मागे रांग कुरकुरायची. तरी मी सोडत नसे.

त्याचं कारण सांगायला हवं. 2004 साली दहावी झालेली एक मुलगी. तिच्या दाखल्यावर अंकी तारीख बरोबर होती, 29. अक्षरीत मी ‘एकोणतीस’ऐवजी ‘एकोणीस’ लिहिलं. दोनशे दाखले हाताने लिहायचे दिवस होते, पण ते कारण मी पुढे करणार नाही. ते अक्षर माझं होतं. चार वर्षांनी ती पोलीस भरतीला उतरली. मैदान पास, लेखी पास, आणि कागदपत्र पडताळणीत कुणीतरी बोट ठेवलं. अंकी एक, अक्षरी दुसरं. उद्या चारच्या आत दुरुस्त दाखला आणा, नाहीतर नाव पुढे जाणार नाही. तिचे वडील आणि ती रात्रीच्या एसटीने निघून सकाळी सहाला माझ्या दारात उभे. मुलगी रडत नव्हती. फक्त दाखला पुढे धरून म्हणाली, “बाई, हे बघा ना.” मी मुख्याध्यापकांना उठवलं, शाळा उघडली, रजिस्टर काढलं. रजिस्टरात बरोबर होतं म्हणून निभावलं. चुकीचा दाखला परत घेतला, स्थळप्रतीला चिकटवला, दुरुस्त दाखला दिला. ती वेळेत पोचली. मी तिची आणि तिच्या वडिलांची माफी मागितली. त्यांनी ती मोठ्या मनाने दिली, पण एका शब्दासाठी बाप-लेकीने एसटीत काढलेली ती रात्र मी विसरले नाही.

अकरापर्यंत मस्टर झालं, बदली तासिकांचा कागद शिक्षकांच्या खोलीत गेला. मग फोन आणि मोबाइलवरचे निरोप. अमुक माहिती तातडीने, दुपारी दोनपर्यंत, विहित प्रपत्रात. मुली किती, मुलगे किती, स्वच्छतागृहं किती, चालू किती. हीच माहिती मागच्या महिन्यात दिलेली असते. पुन्हा द्यायची. त्यावर फार बोलत नाही, यात कोण कोण बसलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

साडेबाराच्या सुमाराला एक वयस्कर शेतकरी आणि त्यांचा नातू आले. नातवाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता, जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा जुना पुरावा हवा होता. शाळेच्या लिपिकाला या कामातल्या चार तारखा पाठ असतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेच्या आधीचा कागद हाती असला की त्याचं वजन मोठं. आणि गरिबाच्या घरी इतका जुना कागद कुठून असणार? सातबारा भावकीत अडकलेला, जन्माची नोंद नाही. उरते ती शाळा.

नोंद सापडली. पण रजिस्टरात आजोबांचं घरातलं हाकेचं नाव होतं आणि बाकी सगळ्या कागदांवर पूर्ण नाव. आजोबा म्हणाले, “बाई, मीच आहे हो तो. एवढं एक नाव पुढं लिहून द्या.” ते खरं बोलत होते यात मला शंका नव्हती. तरी मी म्हणाले, “बाबा, मला एक कानासुद्धा लावता यायचा नाही. जसं आहे तसंच उतरवून द्यावं लागतं.” त्यांचा चेहरा पडला. नातू भिंतीकडे बघायला लागला.

अशा वेळी काय करायचं, ते मला माझ्या आधीच्या मुख्य लिपिकांनी शिकवलं होतं. एक ओळ अडली की भोवतालच्या ओळी वाचायच्या. मी विचारलं, “तुमच्या पाठीवर कोण?” म्हणाले, धाकटा भाऊ, तोही इथेच शिकला. तीन वर्षं पुढचं रजिस्टर काढलं. दुपारचा डबा तसाच राहिला. भाऊ सापडला, आणि त्याच्या ओळीत वडिलांचं पूर्ण नाव, तेच गाव, तीच जात. दोन्ही भावांचे उतारे दिले, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राला कसे जोडायचे ते नातवाला समजावलं. आजोबांनी धाकट्या भावाच्या नावावरून बोट फिरवलं. तो भाऊ वारला होता.

हेच काम त्याच वर्षाच्या शेवटी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. 2023च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला गावोगावच्या शाळांची कपाटं उघडली. आरक्षण कुणाला कसं मिळावं हा आजचा विषय नाही. मला एवढंच दिसलं की कितीतरी ठिकाणी रजिस्टराला वाळवी लागलेली, पावसात पानं चिकटलेली, आणि प्राथमिक शाळांच्या जुन्या मोडी नोंदी वाचायला जाणकार मिळता मिळत नव्हता. ज्या कागदावर लाखो घरांचा भरवसा, तो आपण गळक्या खोलीत ठेवला होता. प्रत्येक शाळेला एक चांगलं बंद कपाट आणि जुन्या रजिस्टरांच्या स्कॅन प्रती, एवढी मागणी मी तेव्हा लेखी केली. आजही करते.

दुपारनंतर संगणक. आता एका मुलाच्या नावामागे किती अंक असतात मोजा. राज्याच्या सरल या संगणक नोंदणीतला विद्यार्थी क्रमांक 19 अंकी, केंद्राच्या यू-डायस नोंदणीतला पेन, म्हणजे कायम शिक्षण क्रमांक, 11 अंकी, आधार 12 अंकी, शैक्षणिक नोंदींचा अपार क्रमांक 12 अंकी. एकूण 54. हे चारही जुळायचे तर नाव सगळीकडे सारखं हवं, आणि तेही इंग्रजी अक्षरांत. आपल्याकडे ज्ञानेश्वर हे केवढं प्रेमाचं नाव! रजिस्टरात एकच ज्ञानेश्वर आहे. पण आधारावर कुणी तो डी-एन-वाय-ए असा लिहिला, कुणी जी-वाय-ए, कुणी शेवटी एक ए जास्त लावला. यंत्र म्हणतं, ही वेगवेगळी माणसं. मग पालकाने मजुरी बुडवून आधार केंद्रावर जायचं. त्या दिवशी तीन जणांना मी असं परत पाठवलं. पाठवताना जीव तुटतो. म्हणून घरच्यांना हात जोडून सांगते, मूल नववीत असतानाच शाळेत येऊन त्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दहावीच्या आवेदनपत्रानंतर बोर्डाची प्रिलिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी, येते, तिच्यावर सही करण्याआधी प्रत्येक अक्षर बघा. नंतरच्या दुरुस्तीला फार पायपीट पडते.

मधल्या वेळात शालार्थवरचं पगार बिल तपासलं, दोन बोनाफाईड दिले, बँकेचा भरणा शिपाई मामांकडे दिला. हे रोजचंच.

हे सगळं करायला माणसं किती? शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षं अडलेली. शाळेत शिक्षकेतर माणसं किती हवीत हे सांगणाऱ्या चिपळूणकर समितीच्या निकषांप्रमाणे पदं द्या, ही मागणी ऐकत ऐकतच मी निवृत्त झाले. डिसेंबर 2020च्या शासन निर्णयाने शिपायाची पदं नव्याने भरण्याऐवजी शाळांना शिपाई भत्ता द्यायचं ठरलं. आमचे मामा त्याच शाळेत म्हातारे झाले. कुठलं रजिस्टर कुठल्या फळीवर, ते त्यांना अंधारातही सापडायचं. तासावर येणाऱ्या माणसाला ते कधी कळणार? मला हे मान्य नाही, आणि ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांनी ते ऐकावं म्हणून इथे बोलते आहे.

पाच वाजून गेले होते. रांगेतला शेवटचा मुलगा, सोबत आई, डोक्यावरून पदर, खुरप्याने चिरलेली बोटं. मी मुलाच्या हातात दाखला दिला आणि म्हटलं, वाच. त्याने नाव वाचलं. “आईचं नाव पण वाच,” मी म्हटलं. आमच्या जुन्या रजिस्टरांत आईच्या नावाचा रकानाच नाही. आता 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहिलं जाणार आहे. ती मुलं माध्यमिक शाळेत येतील तेव्हा खिडकीवर दुसरं कुणी असेल. तर मुलाने आईचं नाव वाचलं. बाई पदर सावरून जरा पुढे झाल्या. मग त्याने तारीख वाचली, सतरा ऑगस्ट दोन हजार सात.

“नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाला हा,” त्या म्हणाल्या. “पाऊस एवढा होता की दवाखान्यापर्यंत गाडी नाही आली.”

मुलाने हे बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो तसाच आईकडे बघत राहिला. मी स्थळप्रत त्याच्यापुढे सरकवली. त्याने सही केली, मामांनी खिडकी लावली आणि आम्ही दोघांनी मिळून रजिस्टरं परत कपाटात ठेवली.