खड्ड्यातला टायर आणि डिकीतली स्टेपनी

नमस्कार श्रोतेहो.

दसरा होऊन गेला होता, दिवाळीला आठ-दहा दिवस होते. बार्शी माझं माहेर. तिथून वैरागमार्गे आम्ही सोलापूरला परत निघालो होतो. गाडी मी चालवत होते, मागे सासूबाई आणि सातवीतली लेक. दुपारी परतीचा पाऊस झोडपून गेला होता आणि आता दिवेलागणीची वेळ झाली होती. वैराग मागे टाकून पाच-सहा किलोमीटर आलो असू. समोरचा रस्ता सलग काळा, ओला, चकचकीत दिसत होता. त्यातला एक तुकडा डांबर नसून पाणी आहे, हे डावं पुढचं चाक खाली आदळल्यावरच मला कळलं. धाडकन आवाज आला, स्टेअरिंगला हिसका बसला आणि थोडं पुढे गेल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली.

उतरून पाहिलं तर टायरच्या कुशीला बोटभर चीर. "काळजी करू नका, स्टेपनी आहे," असं सासूबाईंना सांगितलं. डिकीतली ज्वारीची पिशवी, फराळाचे डबे, सगळं सामान खाली उतरवलं. स्टेपनी काढली, अंगठ्यानं दाबली, तर ती दबली. गाडी घेतल्यापासून तिच्यात हवा भरायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मग चाकाच्या नटला पाना लावला. नट हलेना. मागच्या सर्व्हिसिंगला ते हवेच्या गननं आवळले होते. मी पान्यावर अख्खी उभी राहिले, तरी जागचे हलले नाहीत.

शेवटी मार्केट यार्डाकडे कांदा घेऊन निघालेला एक टेम्पो थांबला. चालक अण्णा उतरले. त्यांनी पान्याच्या दांड्यावर हातभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला आणि नट एकेक करून सैल झाले. बाजूपट्टीची काळी माती ओली होती. जॅक लावला की चाक वर यायच्याऐवजी जॅकच खाली रुतत होता. अण्णांनी टेम्पोतली फळी आणून जॅकखाली टाकली. पायपंपानं स्टेपनीत हवा भरली. सगळं मिळून पाऊण तास गेला. पैसे त्यांनी घेतले नाहीत, फराळाचा एक डबा मात्र घेतला. निघताना म्हणाले, "अक्का, गाडीत समदं हाय. पण एकदाबी हात लावून बघितलेलं न्हाई."

त्या एका वाक्यामुळे मी आज तुमच्याशी बोलते आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या रात्रीनंतर या विषयाच्या मागेच लागले. टायरवाल्यांकडे बसले, प्रश्न विचारले, गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. त्यातलं जे कळलं, ते सांगते.

आपल्याकडे खड्डे का पडतात, तर पहिलं कारण पायाखाली आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. खालची जमीन अशी वर-खाली होत राहिली की वरच्या डांबराला तडे जातात. तड्यातून पाणी आत शिरतं, खडी सुटी होते, वरून अवजड गाड्या जातात आणि खड्डा होतो. सोलापूरचा मोठा पाऊस येतो सप्टेंबरात. तो ओसरतो न ओसरतो तोच उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर येतात. म्हणून आपल्या भागात सगळ्यात जपून गाडी चालवायचा काळ हा दसरा-दिवाळीचा.

आता टायरचं. तुमच्या कारच्या टायरवर १८५/६५ आर १५ असं काहीतरी छापलेलं असेल. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास, इंचात. खड्ड्याची कडा आणि लोखंडी रिमची कडा यांच्यामध्ये काय आहे, तर ही १२० मिलिमीटरची रबरी भिंत आणि आतली हवा. हवा कमी असेल तर भिंत पुरती दबते आणि रबर दोन कडांमध्ये चिमटीत सापडतं. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरला जो खड्डा नुसता दणका देतो, तोच ६० ला टायर फाडतो. हल्ली मोठं रिम आणि पातळ टायर बसवायची हौस आहे. गाडी दिसते देखणी, पण ही मधली भिंत बुटकी होते. सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत रोज ये-जा असेल तर ती हौस करू नका, असं मी आपुलकीनं सांगेन.

खड्डा अंगावर आलाच तर करायचं काय? ब्रेक आधी मारा आणि चाक खड्ड्यात उतरायच्या क्षणी ब्रेकवरचा पाय काढा. दाबलेल्या ब्रेकनं गाडीचं नाक खाली वाकलेलं असतं, सगळं वजन पुढच्या चाकांवर असतं आणि त्याच अवस्थेत ती आदळतात. खड्डा चुकवायला अचानक स्टेअरिंग फिरवू नका, बाजूनं कोण येतंय ते दिसत नाही. पाण्यानं भरलेली जागा खोल आहे असंच धरून चाला.

खड्ड्यात आदळून गाडी नीट चालू राहिली, तरी पुढच्या चांगल्या जागी थांबा आणि चारी टायरना हात लावून बघा. टायरच्या भिंतीत बारीक दोऱ्यांचे थर असतात, हवेचा सगळा ताण ते पेलतात. दणक्यानं आतले दोरे तुटतात, वरचं रबर मात्र शाबूत दिसतं. मग तिथून हवा रबराला बाहेर ढकलते आणि टायरला फुगा येतो, कधी तासाभरानं, कधी चार दिवसांनी. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो भरधाव गाडीखाली कधीही फुटू शकतो, तेव्हा त्यावर हैदराबादला किंवा पुण्याला निघू नका. चाकाची आतली बाजूही बघा. बाहेरून काही दिसत नाही आणि फुगा आतल्या अंगाला लपलेला असतो. रिम वाकलं असेल तर हवा हळूहळू उतरते, आपण पंक्चर शोधत बसतो. सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल तर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ, करून घ्या, नाहीतर टायर एकाच कडेनं झिजतील.

टायरची चीर दाखवायला दुसऱ्या दिवशी मी गावातल्या एका दुकानात गेले. तिथे मला सांगितलं, "आतून जुन्या टायरचा तुकडा चिकटवून देतो, आणखी वर्षभर चालेल." मी नको म्हटलं. पंक्चर काढायचं ते जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातलं, आणि तेही खिळ्याएवढं, साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचं. कुशीतली चीर शिवून, चिकटवून गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे घरच्या माणसांचा जीव टांगणीला लावणं. या एका बाबतीत पैसे वाचवू नका. टायर बदलताना त्यावरचे डीओटी अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

हवेबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवायची. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा हा सल्ला हमखास मिळतो. पण कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो, त्या वाकण्यानंच तापतो आणि तापून फुटतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. त्यावर लिहिलेली हवा बाराही महिने ठेवायची आणि टायर थंड असताना, सकाळी, मोजायची. स्टेपनीतली सुद्धा.

हा स्टेपनी शब्द कुठून आला, तेही सांगते. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारींसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्या गल्लीचं नाव आपल्या बोलण्यात राहिलं.

आता नव्या गाड्यांत स्टेपनी असेलच असं नाही. २०२० च्या नियमबदलानुसार गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. मग त्या किटमध्ये काय आहे ते आजच उघडून बघा. त्यातल्या सीलंटनं खिळ्याचं भोक तात्पुरतं बुजतं, कुशीची चीर बुजत नाही. काही गाड्यांत बारीक, अरुंद स्टेपनी येते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते आणि तिच्यात हवा बरीच जास्त, हवेच्या दाबाच्या मापात बहुतेक वेळा ६० पीएसआय लागते. ती जवळच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरती आहे.

रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर आधी जागा बघा. हायवेवर रहदारीच्या बाजूचा टायर गेला असेल तर तिथेच बसून चाक काढू नका. फाटक्या टायरवर हळूहळू चालवत रुंद, सपाट जागा गाठा. टायर गेला तर गेला. चारी इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागे निदान पन्नास पावलांवर ठेवा आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा. गाडीच्या मागे कुणालाही उभं राहू देऊ नका. जागा धोक्याची वाटली तर चाकाला हात लावू नका, मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२.

मग हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. नट आधी सैल करायचे, गाडी जमिनीवर असतानाच, अर्धा-अर्धा फेरा. गाडी उचलल्यावर चाकच फिरतं, नट सुटत नाही. जॅकखाली फळी घाला, आपल्या मातीत ती लागतेच. जॅक पुस्तकात दाखवलेल्या खाचेतच लावा, आणि काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवा. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या हातावर नाही. नवं चाक बसवून समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा, गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा आवळा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर तपासा.

दुचाकीवाल्यांचं थोडक्यात, पण मनापासून सांगते, कारण खड्ड्यात जास्त हाडं त्यांचीच मोडतात. मागचं चाक अचानक डुलायला लागलं तर जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, हँडल सरळ धरा, गाडी आपोआप मंद होऊ द्या. ट्यूबचा टायर असेल तर बसलेल्या चाकावर गाडी चालवू नका, ट्यूब सरकते आणि व्हॉल्व तुटतो. ढकलत न्या. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं निघाली तर खिळा शोधू नका, रिमनं चिमटा घेतलेला असतो. पुढच्या वेळी हवा नीट ठेवा. हेल्मेट घाला, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी.

खर्चाचं बोलायचं तर साध्या सर्वंकष विम्यात नुसता टायर फाटल्याची भरपाई मिळत नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल, तर टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत मिळते. टायरसाठी वेगळं जोडसंरक्षण, म्हणजे ॲड-ऑन कव्हर, मिळतं, विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी विचारून घ्या. खड्ड्याचा फोटो काढा, किलोमीटरचा दगड टिपून ठेवा, लेखी तक्रार करा. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला आहे. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायची आहे. चांगला रस्ता मागणं हा आपला हक्क आहे, तो मागायला संकोच करू नका.

बार्शीहून आल्यानंतरच्या रविवारी मी गाडी घरासमोरच्या पटांगणात उभी केली आणि उजेडात, कुणी घाई करत नसताना, एक चाक काढून पुन्हा बसवलं. नट सोडवले लेकीनं. पान्यावर चढवायचा पाइप आम्ही भंगारवाल्याकडून आणला होता. आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. टॉर्च, हातमोजे, जुनी सतरंजी, हवेचा गेज, बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप, एवढं एका पिशवीत भरून डिकीत ठेवलं. फळी तेवढी राहिली होती. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्या उठून आत गेल्या आणि माळ्यावरचा एक जुना, जड शिसवी पाट घेऊन आल्या. म्हणाल्या, "हा घे. याच्यावर कुणी बसत नाही आता." जॅक त्यावर ठेवून पाहिला. बरोबर बसला.

नमस्कार.