मालकालाच विचारा : पॅकार्ड मोटारींच्या लौकिकाची कहाणी

(पडद्यावर : जुन्या मासिकातील मोटारीची जाहिरात. कॅमेरा हळूहळू तळाच्या एका ओळीवर येऊन थांबतो.)

आपल्या मालाचे गुण आपणच गायचे नाहीत, ज्याने तो विकत घेतला आहे त्यालाच विचारा एवढेच ग्राहकाला सांगायचे, हे वरवर पाहता नम्रतेचे वाटते. प्रत्यक्षात त्याला छाती लागते, कारण एकदा असे म्हटले की आपली अब्रू परक्या माणसाच्या जिभेवर ठेवावी लागते. अमेरिकेतील पॅकार्ड या मोटारकंपनीने १९०१ मध्ये ही जोखीम घेतली. ‘आस्क द मॅन हू ओन्स वन’ हे तिचे घोषवाक्य पुढे अर्धे शतक जाहिरातींतून झळकत राहिले. माहिती विचारणाऱ्या एका ग्राहकाच्या पत्राला काय उत्तर द्यावे, असे कचेरीतून विचारणे झाले आणि ‘ज्याच्याकडे गाडी आहे त्याला विचारा म्हणावे’ असे संस्थापक जेम्स वॉर्ड पॅकार्ड सहज बोलून गेले, अशी त्या वाक्याच्या जन्माची हकिगत सांगितली जाते.

जेम्स वॉर्ड आणि विल्यम डाउड हे पॅकार्ड बंधू ओहायो राज्यातील वॉरेन या गावचे. विजेचे दिवे आणि त्यांना लागणारे सामान बनविण्याचा त्यांचा धंदा चांगला चालला होता आणि मोटारी बनविण्याची त्यांना काहीही गरज नव्हती. १८९८ मध्ये जेम्स यांनी क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटन यांच्याकडून मोटार विकत घेतली. ती वाटेतच बंद पडली आणि नंतरही सतत कुरकुरत राहिली. जेम्स यांनी तक्रारी केल्या, सुधारणाही सुचविल्या. तेव्हा विंटन यांनी, एवढे कळत असेल तर स्वतःच का बनवीत नाही, अशा अर्थाचे उत्तर दिल्याचे सांगतात. त्या दोघांत नेमके काय बोलणे झाले हे ऐकायला तिसरे कोणी नव्हते. पण विंटन यांचीच दोन माणसे पॅकार्ड यांना येऊन मिळाली आणि ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड वॉरेनच्या रस्त्यावर धावली, हे मात्र पक्के आहे.

जेम्स पॅकार्ड हा माणूस यंत्रांच्या बाबतीत किती चोखंदळ होता, हे मोटारींपेक्षा त्यांच्या खिशातल्या घड्याळांवरून जास्त कळते. स्वित्झर्लंडमधील पाटेक फिलिप या पेढीकडून ते एकाहून एक गुंतागुंतीची घड्याळे मुद्दाम घडवून घेत. १९२७ मध्ये त्यांच्या हाती आलेल्या घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली निळ्या तबकडीवर सोन्याचे पाचशे तारे होते आणि ते वॉरेन गावावरून दिसणाऱ्या आकाशाप्रमाणे फिरत. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. बंद पडणाऱ्या मोटारीचा अशा माणसाला किती संताप आला असेल, याची कल्पना करता येते.

तोपर्यंत कंपनी मात्र वॉरेनमध्ये उरली नव्हती. हेन्री जॉय या डेट्रॉइटच्या धनिकाने पॅकार्ड गाडी घेतली, ती त्यांना इतकी पसंत पडली की मित्रमंडळींकडून भांडवल गोळा करून त्यांनी कंपनीच आपल्या गावी आणली. म्हणजे ज्याला विचारायचे तो गाडीचा मालकच पॅकार्ड कंपनीचा सूत्रधार होऊन बसला, असे म्हणायला हरकत नाही. १९०३ पासून ईस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावर अल्बर्ट कान या वास्तुविशारदाच्या आराखड्यांनुसार कारखाना उभा राहू लागला. १९०५ मधील त्याची दहा क्रमांकाची इमारत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची होती. मोटारींच्या कारखान्यासाठी ही पद्धत डेट्रॉइटमध्ये तेव्हा नवी होती. मध्ये खांबांची दाटी नसलेले प्रशस्त मजले आणि भिंतभर खिडक्या यांमुळे कामगाराच्या हातावर दिवसाचा उजेड पडू लागला आणि डेट्रॉइटच्या पुढच्या कारखान्यांनी हाच कित्ता गिरविला.

(पडद्यावर : चिखलात रुतलेली उघडी मोटार, शेजारी फावडे घेऊन उभे असलेले दोन पुरुष.)

त्याच १९०३ च्या उन्हाळ्यात टॉम फेच यांनी ‘ओल्ड पॅसिफिक’ नावाची एका सिलिंडरची, म्हणजे इंधन जाळणारे नळकांडे एकच असलेली, पॅकार्ड सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत नेली. सुमारे दोन महिने लागले. पश्चिमेकडच्या प्रदेशात रस्ता नावाची वस्तू फारशी नव्हतीच, त्यामुळे वाळूत चाकांखाली जाड कापड अंथरायचे, गाडी पुढे सरकली की ते गुंडाळून पुन्हा पुढे अंथरायचे, अशी ही मजल दरमजल होती. हा खंड मोटारीने सर्वप्रथम ओलांडण्याचा मान मात्र थोड्याच दिवसांच्या फरकाने दुसऱ्या गाडीने पटकावला आणि ती गाडी होती विंटन.

पॅकार्डचा खरा दबदबा निर्माण झाला तो १९१५ मध्ये आलेल्या ‘ट्विन सिक्स’ गाडीने. जेसी व्हिन्सेंट या मुख्य अभियंत्याने तिला बारा सिलिंडरांचे इंजिन दिले होते. एकेक नमुना बनविणे वेगळे आणि असे इंजिन हजारोंच्या संख्येने बाजारात आणणे वेगळे. ते पहिल्यांदा पॅकार्डने केले. १९२१ मध्ये वॉरेन हार्डिंग शपथविधीला घोडागाडीऐवजी मोटारीतून जाणारे पहिले अमेरिकी अध्यक्ष ठरले, आणि ती मोटार ट्विन सिक्स होती. रशियाच्या झारकडेही अशीच एक गाडी होती, तिला बर्फासाठी मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसविले होते.

या गाड्या ओळखायला नाव वाचावे लागत नसे. १९०४ पासून पॅकार्डच्या रेडिएटरचा वरचा काठ बैलाच्या मानेवरच्या जुवासारखा दोन्ही बाजूंना वळलेला असे. अमेरिकेतही त्याला जूच म्हणत. चाकांच्या मध्यावर लाल षट्कोन असे. वर्षे उलटली, बॉनेट लांबले, दिवे बदलले, तरी हे जू तसेच राहिले, आणि दहा वर्षांपूर्वीची पॅकार्ड नव्या पॅकार्डच्या शेजारी उभी राहिली तर तिला ओशाळायला होत नसे. उंची गाडीच्या ग्राहकाला नेमके हेच हवे असते. १९२८ मध्ये कंपनीने सुमारे ५० हजार गाड्या बनविल्या आणि उंची गाड्यांच्या बाजारात कॅडिलॅकसह साऱ्यांना ती मागे टाकून होती. पॅकार्ड हे कोणत्याही मोठ्या उद्योगसमूहाचे अंग नव्हते, ही गोष्ट तेव्हा अभिमानाची वाटत होती. तीच पुढे गळ्याशी आली.

१९२९ च्या मंदीने श्रीमंतांची गाडी घेण्याची ऐपत कमी केली आणि ज्यांची ऐपत टिकली त्यांना भुकेल्यांच्या रांगांसमोरून बारा सिलिंडरांची गाडी नेणे अवघड वाटू लागले. १९३४ मध्ये पॅकार्डच्या दहा हजार गाड्याही बनल्या नाहीत. कॅडिलॅकच्या पाठीशी जनरल मोटर्सची तिजोरी होती, त्याच समूहाच्या स्वस्त शेवरले गाड्यांच्या नफ्यातून तिचा तोटा भरून निघत होता. पॅकार्डला असा थोरला भाऊ नव्हता. तेव्हा कंपनीने जनरल मोटर्समधलीच मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात मुरलेली माणसे आणली आणि १९३५ मध्ये ‘वन ट्वेंटी’ ही आठ सिलिंडरांची गाडी हजार डॉलरच्या आसपास किमतीला बाजारात उतरविली. तोवर पॅकार्डसाठी दोन हजारांहून अधिक डॉलर मोजावे लागत. पहिल्याच हंगामात सुमारे २५ हजार वन ट्वेंटी खपल्या. १९३७ मध्ये त्याहून स्वस्त सहा सिलिंडरांची गाडीही आली आणि कंपनीचे उत्पादन वर्षाला एक लाखावर गेले.

पॅकार्डच्या ऱ्हासाचा विषय निघाला की या वन ट्वेंटीकडे बोट दाखविण्याची रीत पडली आहे. डॉक्टरही घेतो आणि दुकानदारही घेतो अशी गाडी काढून कंपनीने आपले सोन्यासारखे नाव मोडीत काढले, असा हा आरोप आहे. तो आम्हाला मान्य नाही. पीअर्स-ॲरो या तोलामोलाच्या कंपनीने स्वस्त गाडी काढली नाही, तिचा लौकिक निष्कलंक राहिला आणि १९३८ मध्ये ती बंद पडली. वन ट्वेंटी ही भक्कम आणि प्रामाणिक गाडी होती, तिच्या मालकाला विचारले असते तर त्याने पॅकार्डची साक्षच दिली असती. चूक झाली ती नंतर. चार वर्षांची पोटापाण्याची सोय म्हणून जे केले, तेच हळूहळू घरचे वळण होऊन बसले. आणि साध्या व उंची पॅकार्डचा चेहरा इतका सारखा होत गेला की तिप्पट पैसे मोजणाऱ्याला आपण काय मिळविले ते शेजाऱ्याला समजावून सांगावे लागे.

कल्पकता मात्र आटली नव्हती. १९४० सालच्या गाड्यांसाठी पॅकार्डने कारखान्यातच बसवून मिळणारी वातानुकूलन यंत्रणा देऊ केली. मोटार उद्योगात अशी सोय पहिल्यांदाच होत होती. तिचा थंडावा देणारा भाग मागच्या डिकीत असे आणि सामानाची बरीच जागा खाई. ही यंत्रणा चालविणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनापासून सोडविणारा क्लच नव्हता, इंजिन चालू आहे तोवर तोही चालणार. त्यामुळे उन्हाळा संपला की बॉनेट उघडून त्याचा पट्टा काढून ठेवायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात परत चढवायचा, हाच तो बंद करण्याचा मार्ग होता. शिवाय तिची किंमत २७४ डॉलर. गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही आणि दोन-तीन वर्षांत ती यादीतून गेली.

(पडद्यावर : इंजिनांच्या रांगा, त्यांवर वाकलेले कामगार, पार्श्वभूमीला विमानाचा आवाज.)

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला रोल्स-रॉइसचे ‘मर्लिन’ हे विमान-इंजिन अमेरिकेतून बनवून हवे होते. फोर्डने हे काम नाकारले आणि १९४० मध्ये ते पॅकार्डकडे आले. पहिली अडचण कागदावरच उभी राहिली. ब्रिटिश ड्रॉइंग काढण्याची पद्धत अमेरिकेहून वेगळी असल्यामुळे ती सारी नव्याने काढावी लागली. दुसरी अडचण बोल्टांची. ब्रिटिश बोल्टांचे आटे अमेरिकी आट्यांशी जुळत नसत आणि ते पाडण्याची हत्यारे अमेरिकेत तयार मिळत नव्हती, तेव्हा पॅकार्डने ती हत्यारेही स्वतः बनविली. कारण पॅकार्डच्या इंजिनांचे सुटे भाग ब्रिटनमध्ये बनलेल्या इंजिनाला बेमालूम बसायला हवे होते. कंपनीने ५५ हजारांहून अधिक मर्लिन इंजिने बनविली. लँकेस्टर बाँबफेकी विमानांच्या काही आवृत्त्या आणि मस्टँग लढाऊ विमाने त्यांवर उडाली.

याच कारखान्यातील दुसरी घटनाही सांगितली पाहिजे. जून १९४३ मध्ये तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती देऊन जुळणीच्या साखळीवर आणले, म्हणून सुमारे २५ हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. त्यांच्या कामगार संघटनेच्या नेत्यांचाच या संपाला विरोध होता. संप काही दिवसांत मिटला, पण त्याच महिन्यात डेट्रॉइटमध्ये भीषण वांशिक दंगल उसळली.

युद्ध संपले तेव्हा कंपनीच्या हाती पैसा होता आणि बाजारात गाड्यांचा दुष्काळ होता. जे बनेल ते खपत होते. पुन्हा उंची गाड्यांकडे वळण्याची हीच वेळ होती. १९४८ मध्ये जुन्याच सांगाड्यावर पत्रा फुगवून पॅकार्डने जी गाडी आणली, तिला लोकांनी ‘गाभण हत्तीण’ म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षी कॅडिलॅकच्या मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे पंख उगवले, पुढच्या वर्षी तिला नवे व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडर दोन तिरप्या रांगांत मांडलेले, इंजिन मिळाले. पॅकार्ड आपल्या एका ओळीत आठ सिलिंडर असलेल्या जुन्या इंजिनावर १९५४ पर्यंत बसून राहिली. ते इंजिन अतिशय शांत आणि दणकट होते, पण शोरूममध्ये शांतपणा दाखविता येत नाही.

१९५२ मध्ये जेम्स नान्स यांनी सूत्रे घेतली. घरगुती विद्युत उपकरणांच्या धंद्यात त्यांनी नाव कमावले होते. उंची आणि स्वस्त गाड्यांची फारकत करायला हवी, हे त्यांना बरोबर उमगले होते. परंतु संकटे एकामागून एक आली. पॅकार्डच्या गाड्यांचे सांगाडे ब्रिग्ज ही कंपनी बनवून देत असे, ती १९५३ मध्ये क्रायसलरने विकत घेतली. १९५४ मध्ये पॅकार्डने स्टुडबेकर कंपनी घेतली, पण तिचे हिशेब पुरते न तपासता घेतली आणि तिचा तोटा आपल्या अंगावर ओढवून घेतला.

१९५५ ची पॅकार्ड मात्र पाहण्यासारखी होती. तिला नेहमीच्या स्प्रिंगा नव्हत्या. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या लांब पोलादी दांड्या पिळल्या जाऊन धक्का झेलत. मागे तीन माणसे बसली की गाडी मागून दबे, सहा-सात सेकंद जात, मग खालून विजेच्या मोटारीची घरघर ऐकू येई आणि गाडी हलकेच उठून पुन्हा समतल होई. रेल्वेच्या रुळांवरून ती अल्लद जाताना दाखविणारी चित्रफीत कंपनीने विक्रीसाठी वापरली. पण या गाड्या बनत होत्या कॉनर अव्हेन्यूवरच्या लहानशा, अडचणीच्या कारखान्यात. घाईघाईने जुळवलेल्या गाड्यांची दारे नीट बसत नव्हती, पाणी गळत होते, नव्या यंत्रणा बिघडत होत्या. ग्राहक विक्रेत्याकडे परत येत राहिले. मालकालाच विचारा, हे वाक्य उलटण्याची खरी वेळ ही होती. १९५५ साली सुमारे ५५ हजार गाड्या बनल्या, पुढच्या साली २९ हजारांच्या आत. २५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटमधील उत्पादन थांबले. नंतरची दोन वर्षे इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे स्टुडबेकरच्याच गाड्यांवर पॅकार्डचे नाव चिकटविले गेले. जाणकारांनी त्यांना ‘पॅकार्डबेकर’ म्हटले, आणि १९५८ मध्ये तेही थांबले.

ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचा कारखाना कान यांच्या काँक्रीटमुळे काही केल्या पडेना. तांबे गेले, काचा गेल्या, छतावर झाडे उगवली, भिंती रंगीबेरंगी चित्रांनी भरल्या आणि जगभरचे छायाचित्रकार तेथे येऊ लागले. रस्त्यावरून जाणारा त्याचा पूल जानेवारी २०१९ मध्ये कोसळला. २०२२ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि २०२४ अखेर ते संपले.

(पडद्यावर : महाविद्यालयीन इमारतीचे प्रवेशदालन.)

पहिली पॅकार्ड मात्र आजही आहे. जेम्स पॅकार्ड पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठातून १८८४ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले होते. तेथील प्रयोगशाळेच्या इमारतीसाठी त्यांनी उतारवयात दहा लाख डॉलर दिले, आणि तिच्या प्रवेशदालनात १८९९ ची ती गाडी ठेवलेली आहे. एक सिलिंडर, तारांच्या आऱ्यांची सायकलसारखी चाके, आणि स्टिअरिंगचे चाक नसल्यामुळे वळविण्यासाठी नुसता एक दांडा. तिच्या शेजारून विद्यार्थी वर्गाला जातात.