दिव्याच्या खांबाकडे बघणारी माणसं

(पुण्यातल्या एका हिवाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. माइक जरा खाली घ्याल का? हां, आता ठीक.

विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला. "ताई, बर्फावर बोलणार म्हणजे हिमालयावर ना?" म्हटलं, नाही हो. हिमालयात बर्फ पडतो, त्यात बोलण्यासारखं काय आहे? मी बोलणार आहे तो जिथे पडता पडता राहतो, त्या जागेबद्दल. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात एसेक्स नावाचा परगणा आहे, त्यातल्या चेम्सफर्डला मी २००८ पासून राहते. तिथे हिवाळ्यात एक जमात जागी होते, जरा विक्षिप्तच. मीही त्यांच्यातलीच असल्यामुळे विक्षिप्त म्हणायचा अधिकार मला आहे.

ही माणसं डिसेंबर ते मार्च, रात्री दर पाच मिनिटांनी खिडकीचा पडदा बाजूला करतात आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे बघतात. आकाशाकडे नाही, खांबाकडे. अंधारात काय पडतंय ते दिसत नाही, फक्त दिव्याभोवतीच्या हातभर उजेडात दिसतं. आधी पावसाच्या तिरप्या रेघा असतात. मग त्या जाड होतात, जरा रेंगाळतात. अजून खात्री नसते, कारण अर्धवट वितळलेला चिखलबर्फही असाच दिसतो. आणि मग एक ठिपका वर जातो. वाऱ्याने उचलून तो दिव्याच्या वरच्या बाजूला जातो, तिथे घुटमळतो आणि मग खाली येतो. पाऊस कधी वर जात नाही. तो ठिपका दिसला की घरातल्या माणसांना हाक मारायची. ती बहुधा झोपलेली असतात.

हे मला शिकवलं आमच्या शेजारच्या आजोबांनी. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणते. तोंडावर नुसत्या नावाने हाक मारावी लागते, तिकडची पद्धतच तशी, पण मला ते अजून जड जातं. १९६२-६३चा हिवाळा त्यांनी लहानपणी पाहिला. २६ डिसेंबरला बर्फ सुरू झाला आणि मार्चपर्यंत हलला नाही. मध्य इंग्लंडच्या तापमानाची नोंद १६५९पासून सलग आहे, जगातली सगळ्यात जुनी. त्या नोंदीत १७४०नंतर इतका थंड हिवाळा दुसरा नाही. जानेवारी १९६३चं महिन्याचं सरासरी तापमान उणे २.१. केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे इथे समुद्र गोठला होता. दहा वर्षांच्या पोराने एकदा हे पाहिलं की त्याचं पुढे काय होणार? साठ वर्षं झाली, तो अजून वाट बघतोय.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंड म्हणजे थंड देश, तिथे बर्फाची एवढी काय नवलाई? नकाशा बघा. लंडन कॅनडातल्या विनिपेगच्याही उत्तरेला आहे. विनिपेगला हिवाळाभर बर्फ असतो, म्हणून कोणी खांबाकडे बघत बसत नाही. लंडनला मात्र अटलांटिकवरून येणारा पश्चिमेचा वारा सांभाळतो. समुद्राची ऊब घेऊन तो येतो आणि पारा पाच-सात अंशांवर धरून ठेवतो. म्हणजे थंडी आहे, ओल आहे, ढग आहेत, पाणी पडतंय, सगळा स्वयंपाक तयार आहे. अनेकदा शेवटचे दोन अंश तेवढे जास्त असतात. आमचं सगळं वेड त्या दोन अंशांत मावतं.

ते दोन अंश कमी कसे होतात? त्यासाठी माठ आठवा. माठाचं पाणी झिरपतं, उडून जातं आणि जाता जाता आतली उष्णता घेऊन जातं. ढगातून बर्फ निघतो आणि खालच्या हवेत शिरतो. ती हवा कोरडी असेल तर बर्फाचा काही भाग उडून जातो, काही वितळतो, आणि दोन्हींत आजूबाजूची हवा गार होते. त्यामुळे पहिले कण वितळून मरतात, पण मागून येणाऱ्यांसाठी वाट गार करून जातात. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून जो आकडा येतो, तो वेट बल्ब, आमच्या लोकांना प्यारा. बाहेर दोन अंश दाखवत असेल पण हवा कोरडी असेल, तर आजोबा हात चोळत म्हणतात, होईल. एक अंश असेल आणि हवा दमट असेल, तर म्हणतात, झोपायला जा.

आणि आता सरी. श्रावणातल्या सरी तुम्हाला माहीतच आहेत: ऊन, मग एकदम झड, दहा मिनिटांत पुन्हा ऊन, आणि पलीकडच्या गल्लीत रस्ता कोरडा. बर्फाच्या सरी अगदी तशाच असतात. वारा पूर्वेचा झाला की रशियाकडची कोरडी, कडकडीत हवा उत्तर समुद्रावर येते. दीड किलोमीटर उंचीवर तिचं तापमान उणे दहाच्या आसपास किंवा त्याखाली, आणि फेब्रुवारीतही समुद्राचं पाणी सहा-सात अंशांवर. तिच्या दृष्टीने तो चुलीवरचा तवाच. हवा खालून तापते, वर उठते, ढग होतात आणि किनाऱ्यावर येऊन कोसळतात. वारा नेमका थेम्सच्या मुखाच्या रेषेत असला तर सरी एकामागून एक एकाच पट्ट्यावर येत राहतात, आगगाडीच्या डब्यांसारख्या. त्याला आमच्यात 'थेम्स स्ट्रीमर' म्हणतात. वीसेक किलोमीटरची पट्टी असते. पट्टीत असाल तर सकाळी गुडघ्याखाली बर्फ. नसाल तर चांदणं.

मी पट्टीत होते, पहिल्याच हिवाळ्यात. १ फेब्रुवारी २००९, रविवार. तोवर मी बर्फ पाहिलेला नव्हता, गारा पाहिल्या होत्या. गारांचं पुढे सांगते. संध्याकाळपासून सरी येत होत्या, रात्रभर येत राहिल्या. सोमवारी सकाळी उठले ते आवाजाने नव्हे, आवाज नसल्याने. लंडनच्या सगळ्या बसगाड्या त्या दिवशी बंद होत्या. सगळ्या! मुंबईत २६ जुलैला जे पाण्याने केलं, ते तिथे बोटभर-वीतभर भुसभुशीत पांढऱ्या पदार्थाने केलं. ऑफिसला सुट्टी. आजोबा कुंपणाच्या पलीकडे लाकडी पट्टी घेऊन उभे होते, तीन ठिकाणी मोजून सरासरी काढत. मी म्हटलं, बर्फ मोजताय? ते म्हणाले, "मग? लिहून ठेवायला नको?" त्या दिवसापासून मी बिघडले.

पट्टीबाहेरही भरपूर वेळा राहिले. एका रात्री रडारच्या पडद्यावर स्ट्रीमर खाडीच्या दक्षिणेला केंटवर स्थिर झाला आणि पहाटेपर्यंत तसूभर हलला नाही. आमच्या डोक्यावर स्वच्छ आभाळ, सगळी नक्षत्रं लखलखीत. इतकं सुंदर आकाश मी इतक्या रागाने कधी पाहिलं नाही.

हे वाट बघणं खिडकीत सुरू होत नाही, दहा-पंधरा दिवस आधी संगणकावर सुरू होतं. अमेरिकेचं जीएफएस नावाचं मॉडेल दिवसातून चारदा सगळ्या जगाचं हवामान सोळा दिवस पुढपर्यंत मोजतं, आणि ते नकाशे कुणालाही फुकट बघायला मिळतात. चौथी फेरी ब्रिटनमध्ये रात्री साडेनऊनंतर यायला लागते. लोक पबमधून परतायची वेळ ती, म्हणून तिचं नाव 'पब रन'. तिची ख्याती अशी, की ती स्वतःच दोन घोट घेऊन आल्यासारखी वागते. संध्याकाळच्या फेरीत साधा पाऊस असतो, आणि हिच्यात ब्रिटनवर हिमयुग. पुढच्या आठवड्यापलीकडच्या नकाशांना तर आमचे लोक 'फँटसी आयलंड' म्हणतात. तिथे कायम बर्फ पडत असतो. फक्त तो दिवस जवळ आला की पाऊस होतो.

शहाणी माणसं एका नकाशावर जात नाहीत. मॉडेल सुरुवातीचे आकडे किंचित बदलून पुन्हा पुन्हा चालवतात, युरोपच्या केंद्रात पन्नासहून जास्त वेळा, आणि सगळ्या रेषा एकाच आलेखावर काढतात. पहिले चार-पाच दिवस त्या वेणीसारख्या एकत्र जातात. मग सुटतात, आणि शेवटी ताटात शेवयांचा गुंता पडावा तसं दिसतं. त्यातली एखादीच रेघ खोल उणेत गेलेली असते. आम्ही सगळे तिच्याकडेच बघतो. घरचं एखादं वाया गेलेलं पोर असतं ना, सगळ्यांचा जीव त्याच्यातच, तसं.

आता पुण्याशी संबंध सांगते, कारण तो खराच आहे. पूर्वेचा वारा यायचा तर आधी पश्चिमेचा मंदावला पाहिजे. आइसलंडजवळ हवेचा दाब कमी असतो, अझोर्स बेटांजवळ जास्त. या दोहोंतला फरक मोठा असला की पश्चिमेचा वारा जोरात, हिवाळा उबदार. फरक घटला की थंडीला दार उघडतं. याला नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन म्हणतात, आमच्यात नुसतं 'एनएओ'. तो उणे आहे का, म्हणजे फरक नेहमीपेक्षा कमी आहे का, हा आमचा रोजचा प्रश्न. हे नाव दिलं गिल्बर्ट वॉकर यांनी. ते होते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख, १९०४ ते १९२४. त्यांना ब्रिटनच्या बर्फाशी काही देणंघेणं नव्हतं. आपल्याकडे १८७७चा आणि १८९९चा पाऊस दगा देऊन गेला होता, दुष्काळात माणसं मेली होती, आणि सरकारला पावसाचा अंदाज आधी हवा होता. वॉकर मुळात गणिती. त्यांनी जगभरच्या ठाण्यांचे आकडे मागवले आणि भारतीय कारकुनांच्या फौजेकडून हाताने गुणाकार-भागाकार करून घेतले, कुठल्या देशातला दाब कुठल्या देशातल्या पावसाशी जुळतो ते बघायला. मोसमी पावसाचं कुलूप काही उघडलं नाही. पण त्या आकडेमोडीत दक्षिणेकडचा दाबाचा मोठा झोका सापडला, जो आपण आज एल निनोच्या बातम्यांत ऐकतो, आणि हा अटलांटिकचा सापडला. तेव्हा खात्याची कचेरी सिमल्याला होती. १९२८ला ती पुण्याला आली, आणि शिवाजीनगरच्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो. मी त्या चौकात लहानपणी पीएमटीची वाट बघत उभी राहिलेय. एसेक्सच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला त्या चौकाचा फोटो मागितला. पाठवला. त्यात रिक्षा आणि एक चहाची टपरी आहे. त्यांनी तो छापून भिंतीवर लावलाय.

आणखी एक गोष्ट वरून येते, अगदी वरून, तीस किलोमीटरवरून. ध्रुवाभोवती हिवाळ्यात वाऱ्याचा भोवरा फिरत असतो. कधी कधी तिथली हवा काही दिवसांत चाळीस-पन्नास अंशांनी तापते, भोवरा फाटतो आणि वारा उलटा फिरतो. १९५२मध्ये बर्लिनला शेरहाग नावाच्या शास्त्रज्ञाच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. १२ फेब्रुवारी २०१८च्या सुमारास असंच झालं, आणि दोन आठवड्यांनी पूर्वेचा वारा आला. वर्तमानपत्रांनी त्याला 'पूर्वेचं श्वापद' म्हटलं. स्कॉटलंडमध्ये आणि मग इंग्लंडच्या नैर्ऋत्येला लाल इशारे लागले. लोक रात्रभर महामार्गावर गाड्यांत अडकले. आम्हाला मात्र वाटलं, सूत्र सापडलं: वर तापलं की खाली बर्फ. २०१९च्या जानेवारीच्या सुरुवातीला वर पुन्हा तापलं. आम्ही सज्ज. जानेवारीभर वाट बघितली. फेब्रुवारी आला. २६ फेब्रुवारीला लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये पारा २१.२ला गेला, ब्रिटनच्या हिवाळ्यातला विक्रम. आजोबा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बागेत बसले होते. मला बघून म्हणाले, "काय, तुझा भोवरा फाटला ना?"

गारांचं सांगते म्हटलं होतं. मी निफाडची. थंडीत राज्यातला सगळ्यात कमी पारा कुठे, तर बातमीत निफाडचं नाव येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा तो. आमची द्राक्षबाग आहे. बर्फ म्हणजे आमच्याकडे गारपीट. वर्षभराची मेहनत, एप्रिलच्या खरड छाटणीपासूनची, पंधरा मिनिटांत जमिनीवर. आणि थंडी म्हणजे मण्यांत पाणी उतरायच्या वेळेला पारा चार-पाचाच्या खाली गेला की मणी तडकतात. तेव्हा लहानपणापासून थंडी म्हणजे अप्पांचा चेहरा. कोणी हौसेने थंडीची वाट बघतं, हे मला इंग्लंडला जाईपर्यंत माहीत नव्हतं. तिथेही सगळे बघत नाहीत. गॅसचं बिल परवडत नाही म्हणून एकाच खोलीत बसणारी म्हातारी माणसं आमच्याच रस्त्यावर आहेत. हे मला कळतं, आणि तरी मी पडदा बाजूला करतेच.

गेल्या आठवड्यात निफाडला होते. पब रन आपल्याकडे पहाटे तीननंतर येतो. गजर लावून उठले आणि मोबाइल घेऊन ओट्यावर आले, तर अप्पा आधीच उठलेले. बागेत ठिकठिकाणी काडीकचरा पेटवलेला, ठिबक सोडलेलं, धूर वेलींच्या खाली पसरलेला. खांबाला टांगलेल्या तापमापकावर बॅटरी मारून ते आकडा बघत होते. साडेपाच.

"तू कशाला उठलीस?"

"बघत होते. तिकडे दहा दिवसांनी पूर्वेचा वारा दाखवतायत."

त्यांनी बॅटरी माझ्या मोबाइलवर मारली, नकाशावरचा जांभळा रंग नीट बघितला.

"दहा दिवस?" म्हणाले. "लांब आहे गं. तो सरपणाचा भारा इकडे सरकव."