मार्कर वाढला, पण कॅन्सर कुठाय?

नमस्कार मंडळी. आज रक्तातल्या कॅन्सर मार्करबद्दल बोलूया, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ: पीएसए (प्रोस्टेटसाठी), सीए १२५ (बीजांडकोशासाठी), सीईए (मुख्यतः आतड्यासाठी) वगैरे. रिपोर्टमध्ये आकडा ठळक छापून आला की घरात कुणाला जेवण जात नाही, म्हणून आधीच सांगते, मार्कर वाढला म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. सीए १२५ पाळीतही वाढतो, पीएसए लघवीच्या इन्फेक्शनने वाढतो, सीईए सिगारेट ओढणाऱ्यांचा जरा जास्तच असतो.

पण मला सांगायचीय ती अमेरिकेतली एक केस. १९९० च्या दशकाच्या शेवटी विशीतल्या एका मुलीच्या रक्तात एचसीजी सापडलं, हे प्रेग्नन्सीचं हार्मोन, आणि ती तर प्रेग्नंट नव्हती. काही दुर्मिळ कॅन्सरमध्येही ते वाढतं, त्यामुळे डॉक्टरांना तीच शंका आली, टेस्ट परत केली, पॉझिटिव्ह, परत केली, पॉझिटिव्ह. केमो दिली, आकडा हटेना, गर्भाशय काढलं, तरी हटेना, शेवटी फुफ्फुसाचा तुकडाही काढला. आणि कॅन्सर नव्हताच हो! या टेस्टच्या किटमध्ये दोन अँटिबॉडी असतात, म्हणजे ठराविक पदार्थाला चिकटणारी प्रथिनं, त्या हार्मोनला दोन्ही बाजूंनी पकडतात, तिच्या रक्तातल्या स्वतःच्याच अँटिबॉडीने त्या दोघींना जोडून टाकलं, हार्मोन नसतानाच. साधी लघवीची टेस्ट केली असती तर कळलं असतं, कारण या अँटिबॉडी मोठ्या असतात, लघवीत उतरत नाहीत. २००१ मध्ये ज्युरीने तिला दीड कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली, पण गर्भाशय परत मिळतं का? आणि ती एकटी नव्हती, २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशा १२ बायकांची माहिती छापून आली होती.

म्हणून नीट ऐका, त्याच किटवर परत टेस्ट करणं म्हणजे खात्री करणं नव्हे, चूक किटमध्ये अडकली असेल तर ती दर वेळी तशीच येणार. वेगळ्या कंपनीच्या किटवर करा, वेगळ्या पद्धतीने करा, परत सांगते, वेगळ्या.

आणि हे चेकअप पॅकेजमध्ये सगळे मार्कर घालून विकतात ना, ते मला अजिबात पटत नाही, काही त्रास नाही, घरात कुणाला कॅन्सर नाही, मग कशाला? रिपोर्ट रात्री मोबाइलवर पाठवणंही थांबवा, माणूस एकटाच नेटवर शोधत बसतो.

केसांसाठी बायोटिनच्या (हे एक व्हिटॅमिन) गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा, काही मशीनवर त्यांनी मार्कर खोटा कमी दिसतो, गोळी किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.