लढणाऱ्या पेशी का थकतात?

श्रोतेहो, नमस्कार.

कुणाला कॅन्सर झाला की ‘प्रतिकारशक्ती कमी पडली असेल’ असं लोक सहज बोलून जातात. रुग्ण ते ऐकतो आणि मनात म्हणतो, माझंच काहीतरी चुकलं. हा सल काढावा, म्हणून आज बोलतो आहे. लढणाऱ्या पेशी पुष्कळदा गाठीपर्यंत पोचलेल्या असतात. गाठच त्यांना थकवते.

या पेशी म्हणजे टी-पेशी, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. टी-पेशी कॅन्सरच्या पेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोकं पाडते आणि आत ग्रॅन्झाइम, म्हणजे पेशी मारणारी प्रथिनं, सोडते. ती पेशी मरते आणि टी-पेशी पुढचीकडे वळते.

गाठीच्या आत मात्र तिचे हाल होतात. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं संपवतात, वर लॅक्टिक आम्ल सोडतात. तिथल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, त्यामुळे ऑक्सिजनही पुरत नाही. लढायला टी-पेशीलाही ग्लुकोजच लागतं! फ्लूचा विषाणू काही दिवसांत संपतो, मग टी-पेशींना उसंत मिळते. गाठ हटतच नाही. सतत चेतवल्या गेलेल्या टी-पेशीच्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे तिच्यातले भाग, बिघडतात आणि तिच्या अंगावर पीडी-१ हे प्रथिन वाढत जातं. पीडी-१ म्हणजे ब्रेक. तो मुळात आपल्या भल्याचाच, कारण लढा आवरला नाही तर निरोगी अवयवही होरपळतील. कॅन्सरच्या पेशी पीडी-१ ला जुळणारं पीडी-एल१ हे आपलं प्रथिन पुढे करून नेमका तोच ब्रेक दाबून धरतात.

पीडी-१ चा शोध जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला, १९९२ साली. सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी काम केलं. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळालं. हे ब्रेक सोडवणारी औषधं आज वापरात आहेत. पसरलेल्या मेलानोमाचे, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचे, काही रुग्ण त्यांच्यामुळे कित्येक वर्षं जगले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. सगळ्यांना गुण येत नाही, हेही खरं. फार काळ थकलेल्या टी-पेशीत कोणती जनुकं चालू, कोणती बंद, याची घडीच बदलून बसते. मग ब्रेक काढूनही ती पूर्ववत होत नाही.

ही औषधं चालू असतील, तर एक लक्षात ठेवा. जुलाब, नवा खोकला, धाप, अंगावर पुरळ, कमालीचा थकवा, यांतलं काहीही दिसलं तर ताबडतोब आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना कळवा. सुटलेल्या टी-पेशी आतडी, फुप्फुसं किंवा थायरॉइडवर उलटू शकतात, कधी उपचार थांबल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. वेळेवर कळलं तर बहुतेक वेळा ते आटोक्यात आणता येतं.

नमस्कार.